दुभाष्याने गाळलेली वाक्ये

एकदा एका विस्तीर्ण लोकराज्यातला वृद्ध दुभाषी ऐन मोक्याच्या वेळी तापाने अंथरुणाला खिळला आणि त्याच्या आसनावर त्याचा शिष्य जाऊन बसला. पलीकडच्या डोंगरी राज्याचा राजदूत तहासाठी आला होता. सभेत जे जे बोलले जाईल ते त्याच्या भाषेत त्याच्या कानी घालायचे, एवढेच त्या आसनाचे काम होते. एवढेच म्हणायचे, पण दोन राज्यांचा जीव त्या एका जिभेवर टांगलेला होता.

त्या लोकराज्याची एक रीत होती. परक्याशी तह करायचा तर मसुदा सभेत वाचून दाखवायचा आणि मग सात दिवस सभेचे दार सताड उघडे ठेवायचे. मधोमध एक दगडी चौथरा होता. प्रधानापासून मोळीविक्यापर्यंत ज्याला बोलायचे असेल त्याने त्यावर चढावे आणि मनातले बोलून मोकळे व्हावे. हे सारे व्हायचे ते त्या परक्या दूताला समोर बसवून. ज्याच्याशी नाते जोडायचे त्याच्याविषयी त्याच्या माघारी बोलू नये, असा पूर्वजांचा दंडक होता. पूर्वजांना दंडक घालायला काय जाते! तो पाळताना पुढच्यांच्या नाकी नऊ येतात. सातव्या दिवशी हात वर करून निर्णय होई.

शिष्य बुद्धीने तल्लख होता आणि मनाने सरळ होता. त्याचे गाव सरहद्दीवर, खिंडीच्या पायथ्याशी. दोन वर्षांपूर्वी खिंडीत चकमक झाली, तेव्हा सबंध गाव उठवून राजधानीबाहेरच्या माळावर छपरांत आणून ठेवले होते. त्याची थोरली बहीणही तिथेच होती. आई गेल्यावर या आक्कानेच त्याला वाढवले, स्वतः अंगठा उठवत राहिली आणि त्याला मात्र गुरुगृही धाडले. गावाच्या दोन पेरण्या वाया गेल्या होत्या. मृगाच्या आधी तह झाला तर तिसरी साधणार होती, नाही तर गाव कायमचे माळावरचे होणार होते. मृगाला अठरा दिवस उरले होते आणि शिष्य एकेक दिवस बोटावर मोजत होता.

पहिल्याच दिवशी मिठाचा एक व्यापारी तावातावाने चौथऱ्यावर चढला.

"हा तह प्रधानांनी लिहिलाय की झोपेत बरळलेत? खिंडीतला नाका म्हणे दोघांचा. दोघांचा, तर उद्या तिथे भांडण झाले की निवाडा कोण करणार? याचा एका अक्षरानेही उल्लेख नाही! आणि मागच्या चकमकीची खरी हकिकत या प्रधानांनी सभेपासून सहा आठवडे लपवली होती, ते आम्ही विसरलेलो नाही."

शिष्याला दरदरून घाम फुटला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि तेही परक्यासमोर. राजदूत कान देऊन वाट पाहत होता. शिष्य खाकरला आणि म्हणाला, "व्यापारी म्हणतात, खिंड खुली झाली की व्यापार भरभराटीला येईल."

व्यापाऱ्यानंतर एक बाई चढली. चकमकीत तिचा मुलगा गेला होता. "माझ्या पोराला यांच्या राजाच्या माणसांनी मारलं, हे खरं," ती राजदूताकडे बोट करून म्हणाली. "पण चार दिवस पाण्याविना त्याला त्या खिंडीत ठेवला तो आपल्याच माणसांनी. कुणाच्या हुकमानं, ते दोन वर्षं विचारतेय. कुणी सांगत नाही." प्रधान खाली मान घालून बसले.

"ही माउली म्हणते, आता शांतता नांदो," शिष्याने सांगितले.

त्याला दोष देण्यापूर्वी आपण आपल्या मनाला विचारावे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण मुलांना बोलता येण्याआधी शिकवतो. पाहुणा दारात असताना घरातले भांडण गिळायचे, ही आपली खानदानी रीत. शिष्याला मनापासून वाटत होते की आपण राज्याची अब्रू राखतो आहोत. असे त्याने तीन दिवस राखले. कडू तेवढे गाळले, गोड तेवढे सांगितले. इकडे आक्काला त्याने निरोपही धाडला, की बियाणे निवडायला घे.

पण राजदूताचे कान शिष्यापाशी असले तरी डोळे त्याचे स्वतःचे होते. तिसऱ्या दिवशी सभा उठताना तो सावकाश म्हणाला, "तुमचे राज्य मोठे विलक्षण दिसते. इथली माणसे मुठी आवळून स्तुती करतात आणि रडत रडत आशीर्वाद देतात. जिथे एवढे लपवले जाते, तिथल्या सहीवर मी काय विसंबू? मी परवा सकाळी निघतो."

शिष्य धावत गुरूंच्या घरी गेला आणि काहीही न लपवता सारे सांगून टाकले. वृद्ध दुभाष्याचा ताप तेव्हा कुठे उतरत होता. ते रागावले नाहीत. कूस बदलून एवढेच म्हणाले, "सकाळी मला हाताला धरून सभेत ने."

चौथ्या दिवशी गुरुजी आसनावर बसले. नशीब असे, की व्यापारी पुन्हा चौथऱ्यावर होता आणि आज त्याने काहीच हातचे राखले नाही. गुरुजी अक्षर न् अक्षर सांगत गेले. प्रधानांवरचा आरोप सांगितला, लपवलेली हकिकत सांगितली. व्यापारी श्वास घ्यायला थांबला की तेवढ्या वेळात मागच्या तीन दिवसांत गाळलेली वाक्येही त्यांनी भरून काढली. त्या आईचे बोलणे सांगताना ते तिच्याकडे बघून, तिच्याइतकेच थांबत थांबत बोलले.

शिष्याचे कान तापले. त्याने हळूच गुरूंची शाल ओढली. "गुरुजी, हे नका सांगू." गुरूंनी शाल सोडवून घेतली. त्यांचा ताप मस्तकात तर गेला नाही ना, अशी शंका शिष्याला आली. इतक्यात व्यापारी राजदूताकडे वळला.

"आणि हे समोर बसलेले गृहस्थ! यांच्या राजाने मागचे दोन तह मोडले. तिसरा पाळतील कशावरून?"

गुरूंनी तेही सांगितले, एक शब्द मऊ न करता. शिष्याने डोळे मिटून घेतले. तह गेला, पेरणी गेली आणि गावही गेले, असे त्याला वाटले.

राजदूत मात्र पहिल्यांदाच पुढे सरसावून बसला होता. "त्या माणसाला माझा एक प्रश्न विचारा," तो म्हणाला. "ज्या प्रधानावर याचा विश्वास नाही त्याचा तह उद्या सभेने मान्य केला, तर हा काय करील?"

गुरूंनी मोठ्याने विचारले. व्यापारी दाढी खाजवत म्हणाला, "हात वर होईपर्यंत मी भांडणार. माझ्या बाजूचे हात कमी भरले, तर तह माझाही झाला. मग तो पाळायचा, त्यात काय विचारायचे? आणि तो मोडायचा घाट आमच्याच प्रधानांनी घातला, तर याच चौथऱ्यावरून त्यांना जाब विचारणारा पहिला मी असेन."

"मी सातव्या दिवसापर्यंत थांबतो," राजदूत म्हणाला.

त्या संध्याकाळी शिष्य गुरूंचे पाय चेपत बसला होता. शेवटी न राहवून त्याने विचारले, "गुरुजी, एवढी नाचक्की ऐकून तो जायला हवा होता. थांबला कसा?"

"अरे, त्याच्या दरबारात सगळेच हो म्हणतात," गुरुजी म्हणाले. "मागचे दोन तह झाले तेव्हा सगळे हो म्हणाले आणि मोडले तेव्हाही सगळे हो म्हणाले. होकाराची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? आपण किती एकदिलाने डोलतो ते बघायला तो आलेला नाही. आपला शब्द टिकेल का, एवढेच त्याला बघायचे आहे. प्रधानाचा शब्द प्रधान असेतो टिकतो. पण जो जन्मभर विरोध करील त्यानेही 'माझा' म्हटलेला शब्द प्रधान बदलला तरी टिकतो. तू उणे समजून जे झाकलेस, तीच आपली पत होती." ते उशीला टेकून बसले. "आणि त्या आईचे वाक्य तू गाळलेस. ते राज्याचे नव्हते रे, तिचे होते. दोन वर्षे उराशी धरून तिने ते चौथऱ्यापर्यंत आणले. ते पुढे जायचे की नाही, हे ठरवणारा तू कोण?"

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. "मला आक्काला घरी पाठवायचे होते."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर रागावलो नाही," गुरुजी म्हणाले. "पाचव्या दिवसापासून तूच बस. मी घरीच असेन."

पाचवा दिवस गेला, सहावा गेला. शिष्याने काही गाळले नाही. सातव्या दिवशी हात वर होण्याची वेळ झाली, एवढ्यात दाराशी गलबला झाला आणि एक बाई गर्दीतून वाट काढत चौथऱ्यावर चढली. ती आक्का होती.

"म्या खिंडीखालच्या गावची," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण पाय रोवलेले होते. "मला कागूद वाचता येत न्हाई. पर काल सरकारी मानसानं नकाशा दावला. शिवंची रेघ आमच्या झऱ्याच्या अल्याड वढलीया. वैशाखात साऱ्या गावाला त्यो एकच झरा. गुरं काय रेघ बघून पानी पित्यात? येक गाय पल्याड गेली की त्यांचा शिपाई आरडनार, मग आमचा शिपाई भाला उचलनार. मला घरी जायाची समद्यांपरीस घाई हाय. पर पोरांना काखंत मारून पुन्यांदा पळायला म्या न्हाई जायाची. ह्यो तह असाच ऱ्हानार असंल, तर माझा हात खाली."

शिष्याने बोटे मोजली. मृगाला अकरा दिवस होते. हे सांगितले तर नकाशा उलगडणार, आणि नकाशा उलगडला की कलमे उलगडणार. राजदूत कदाचित उठूनही जाईल. सभेत त्याची भाषा जाणणारे दुसरे कुणी नव्हते आणि गुरुजी घरी होते. 'ही बाई म्हणते, मला घरी जायची सगळ्यांहून घाई आहे.' एवढेच सांगितले तरी ते खोटे ठरले नसते. तिचेच वाक्य होते ते.

राजदूत वाट पाहत होता.

शिष्याने श्वास घेतला आणि सांगायला सुरुवात केली. झरा सांगितला, रेघ सांगितली, गाय आणि भाला सांगितला. घाई सांगितली. शेवटी, आवाज फुटू न देता, खाली राहणारा हातही सांगितला.

"ही कोण आहे?" राजदूताने विचारले.

"माझी बहीण."

राजदूताने शिष्याकडे निरखून पाहिले. "तू हे गाळले असतेस, तरी माझ्याबरोबरच्या कुणालाही कळले नसते," तो म्हणाला. "नकाशा मागवा. झरा कुठे आहे ते तिलाच दाखवू दे."

त्या दिवशी हात वर झाले नाहीत. झऱ्यावरून नऊ दिवस भांडण चालले आणि त्यात व्यापाऱ्याने नाक्याच्या निवाड्याचे कलमही पदरात पाडून घेतले. दहाव्या दिवशी सभेने हात वर केले. माळावरची छपरे उतरवून गाड्या भरून होईतो मृग लागलाच. पेरणी थोडी मागे पडणार होती, पण साधणार होती.

शिष्य आक्काला निरोप द्यायला गेला. गाठोडी चढवता चढवता तिने विचारले, "म्या बोलले त्ये समदं सांगितलंस त्याला?"

"समदं, आक्का."

"हात खाली म्हनले, त्ये बी?"

"त्ये बी."

आक्काने पदराने डोळे टिपले. "मंग तुला शिकिवलं त्ये कामाला आलं म्हनायचं," ती म्हणाली, आणि गाडीत चढून बसली.