सैल न झालेला बोल्ट

किक मारूनच स्कूटर सुरू व्हायची, त्या काळची ही गोष्ट. एका स्कूटरच्या मागच्या चाकापाशी एक बोल्ट आणि एक शॉकअप राहत. गावातला प्रत्येक खड्डा दोघांनी मिळून सोसला होता. पुढे शॉकअपमधलं तेल गळून गेलं. तो बदलायला दिगंबरअण्णा पाना घेऊन अंगणात बसले, पण बोल्ट जागचा हलेना.

अण्णांनी त्याच्यावर रॉकेल सोडलं. रॉकेल हळूच म्हणालं, "अरे, थोडा सैल हो. नव्या शॉकअपलाही तूच धरायचं आहेस."

"याला सोडून? ते जमायचं नाही," बोल्ट म्हणाला आणि त्याने गंजाचा हात आणखी घट्ट धरला.

"सोड रे वेड्या," शॉकअप थकलेल्या आवाजात म्हणाला. "मी संपलोय. तू अजून धडधाकट आहेस."

बोल्टने ऐकलं नाही. शेवटी अण्णांनी करवत आणली आणि त्याचे दोन तुकडे केले.

भंगाराच्या पोत्यात ते तुकडे शॉकअपशेजारीच पडले.

"मी जाणारच होतो," शॉकअप म्हणाला. "तू कशाला आलास?"

बाहेर अण्णा नव्या बोल्टला ग्रीस लावत होते, सुटायची वेळ येईल तेव्हा त्याला सुटता यावं म्हणून.