एका सुराच्या घंटा

फार जुनी गोष्ट आहे. बाळांनो, ऐका, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक तरुण ओतारी येऊन राहिला. गुरांच्या गळ्यातल्या पितळी घंटा ओतण्यात त्याचा हातखंडा होता. गुरूचा निरोप घेऊन, स्वतःची भट्टी मांडायची म्हणून तो इतक्या लांब आला होता.

संध्याकाळी गुरं घरी परततात, त्या घंटांच्या आवाजात एक तरी आवाज आपल्या हातचा असावा, एवढीच त्याची आस होती.

बाजाराच्या दिवशी लोक यायचे, घंटा वाजवून बघायचे, गोड आहे म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. हा बापडा पुन्हा भट्टीशी बसायचा आणि आणखी गोड घंटा ओतायचा. कुणाला काही विचारावं, कुणाच्या ओसरीवर घटकाभर टेकावं, हे त्याला सुचलंच नाही. आपलं काम बोलेल, असं त्याला वाटे.

दिवेलागणीला गुरं दारावरून जात. तो हातातलं टाकून ऐकत राही. सगळे आवाज परके असत. गुरूचं गाव आठवे. अखेर कोळसा सरला, धीरही सरला. भट्टी मोडून, गाठोडं बांधून परत जायचं त्याने ठरवलं.

निघताना तो ओढ्यावर पाणी प्यायला गेला. तिथे गावाचा म्हातारा गुराखी गुरांना पाणी पाजत होता. पोराचं उतरलेलं तोंड पाहून त्याने चौकशी केली आणि सगळं ऐकून तो हसला. गुराख्याला विचारल्याशिवाय या गावात कुणी गाईची घंटा बदलत नसे. ही रीत तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

"तुझ्या घंटा गोड आहेत रे, पण सगळ्या एकाच सुरात बोलतात," गुराखी म्हणाला. "गुरं उंच गवतात शिरली की मी त्यांना कानांनी ओळखतो. सगळ्यांचा आवाज सारखा झाला, तर हरवलेली गाय मी शोधायची कशी?"

एकसारखा सूर, हाच तर ओताऱ्याचा अभिमान होता. तरी तो गाठोडं घेऊन माघारी वळला.

दुसऱ्या दिवसापासून तो गुराख्याबरोबर रानात जाऊ लागला. कोणती गाय बुजरी, कोणती भटकी, कोणती कुणाच्या घरची, सगळं शिकला. मग कोळसा उसना आणून त्याने भट्टी पुन्हा मांडली आणि प्रत्येकीसाठी वेगळी घंटा ओतली, कुणाची काठाला जाड, कुणाची पातळ. गुराखी त्याला घरोघरी घेऊन गेला, पण आधी बजावून.

"शब्द मी टाकतो. घंटा बद्द वाजली, तर तुझ्याबरोबर माझंही नाक कापलं जाईल."

एकही घंटा बद्द वाजली नाही.

एका संध्याकाळी धुळीतून गुरं परतली. ओताऱ्याने डोळे मिटले. आपल्या हातचा आवाज त्याने ओळखलाच. शिवाय ती कोणती गाय, कोणाच्या दारी वळली आणि तिची वाट पाहत तिथे कोण उभं असेल, हेही त्याला न बघता कळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. परत जायला बांधलेलं, तसंच कोपऱ्यात पडलेलं गाठोडं त्याने त्याच रात्री सोडलं.

बोध: हातातलं कसब माणसाला धंदा मांडून देतं, पण तो धंदा रुजतो तो माणसांशी जोडलेल्या नात्यांतच.