आतली गोधडी

“आणि चरबी? तिचं काय काम, माय?”

शाल्मलीने विचारलं खरं, पण उत्तर तिला पाठ होतं. परदेशात पोषणशास्त्र शिकून ती परतली होती, गावोगावच्या बायांची अंगं हलकी करायला. स्वतः एक वेळ जेवायची.

अशक्त बाळं जगवणारी सुईण म्हणजे वाळलेली, व्रतस्थ बाई असणार, असं तिच्याकडे शिकायला येताना शाल्मलीला वाटलं होतं. समोर होती रांजणासारखी गोदूमाय, भाकरीवर लोण्याचा गोळा थापत.

“आधी जेव. मग सांगते.”

“या वेळी मी जेवत नाही.”

“मग बाळ नाही मिळायचं धरायला. माझ्या घरात बाळ धरणारीनं आधी जेवायचं.”

“उपाशीपोटी मन स्थिर राहतं, माय.”

“लेकराला तुझं मन नको गं बाई...”

लेकरू गोदूमायच्या सुनेचं, आठव्या महिन्यात जन्मलेलं, कालच दवाखान्यातून घरी आलेलं. आई तापाने निजलेली. उघड्या छातीशी धरा, गार पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पौषातली दुपार; सातपुड्याचा वारा कुडातून आत येत होता.

शाल्मलीने न जेवताच हट्टाने बाळ घेतलं.

घटकाभरात तीच कुडकुडू लागली. बाळाचं डोकं बरगडीवर टेकायचं आणि ते कळवळून रडायचं. तिने त्याचे तळपाय चाचपले.

गार...

गोदूमायने बाळ उचललं, पदराआड घेतलं. ते त्या मऊ अंगात रुतलं. हळूहळू रडणं थांबलं.

“माझं काय चुकलं?”

गोदूमायने बाळाची मांडी दाखवली. कातडी सैल, म्हाताऱ्यासारखी.

“शेवटच्या महिन्यात आई लेकराला कातडीखाली गोधडी शिवते. याची शिवायची राहिली.”

मग तिने शाल्मलीचं मनगट धरलं. अंगठा आणि करंगळी सहज जुळली.

“तुझी कुणी उसवली?”

शाल्मलीने हात मागे ओढला.

“पाळी येते?”

“...सात महिने नाही आली.” हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

गोदूमाय बाळाला थोपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटते न पेटते तोच शाल्मली पुढ्यात येऊन बसली.

“भाकरी वाढ, माय. लोणी घालून. मग बाळ दे.”

तिने पहिला घास घेतला. डोळे भरून आले. तरी तिने घाईघाईने दुसरा मोडला, मग तिसरा.

“सावकाश,” गोदूमाय म्हणाली. “गोधडी काय एका दिवसात शिवतात?”