बाबल मेस्त आणि न बसायच्या खुर्च्या

एका गावात एक भोळा सुतार राहायचा. बाबल मेस्त त्याचं नाव. हात चांगला होता. पण सांगितलेलं तेवढंच करायचा, त्यामुळे कुठेच टिकायचा नाही.

त्याला गावातल्याच पुतू मेस्तांची लेक आवडी फार आवडायची. पुतू म्हणाले, "आधी एका जागी टिकून दाखव. अक्षय तृतीयेपर्यंत कुणी तुला हाकललं नाही, तर आवडी तुझी."

त्याच सुमारास शहरातून निनाद सर गावात राहायला आले. ते खुर्च्या-टेबलं बनवायचे. म्हणजे सुचवायचे ते, बनवायचं दुसऱ्यानं. एक खुर्ची होती, तिला बैठकच नव्हती. टेबल इतकं उतरतं की त्यावर पेला ठरत नसे. कपाटाची दारं रंगवलेली, उघडायची सोय नाही. सर म्हणायचे, हे उत्तर-आधुनिक आहे. गावातले बाकीचे सुतार चांगल्या लाकडाला वाकडे पाय लावायला तयार नव्हते. म्हणून बाबलला काम मिळालं.

"हे फर्निचर नाही, बाबल," सर म्हणाले. "हे विधान आहे."

"बरं सर. विधानाला पॉलिश मारू की वार्निश?"

पहिल्याच दिवशी बाबलनं बैठक नसलेल्या खुर्चीला छान फळी ठोकली. सरांनी कपाळाला हात लावला आणि फळी उपटायला लावली.

"अरे, भोक दिसलं की बुजवायचं नसतं. भोक मोठं करायचं. त्यातून आभाळ दिसलं पाहिजे."

"बरं सर. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवीन."

पुढच्या आठवड्यात सरांच्या झोपायच्या खोलीतलं एक कौल फुटलं. "जरा बघ रे त्या भोकाकडे," म्हणून सर फिरायला गेले. बाबल वर चढला. त्यानं आजूबाजूची कौलं काढली, दोन वासेही कापले. सर परत आले तेव्हा खोलीतून सबंध आभाळ दिसत होतं. मग पाऊसही आला, थेट गादीवर.

"अक्कल आहे का तुला?" सर ओरडले. "वस्तू कशासाठी आहे ते आधी बघावं. आता हे तुटके वासे काय कामाचे? जे कामाचं नाही ते चुलीत घालावं."

"बरं सर. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवीन."

मग सरांचं प्रदर्शन आलं. शहरातून मोठी माणसं यायची होती. सर त्यांना आणायला स्टेशनवर गेले. जाताना म्हणाले, "आल्याबरोबर सगळ्यांना चहा लागेल."

बाबलनं चूल मांडली. लाकूड कमी पडलं. तो आत गेला. खुर्चीवर बसून बघितलं, तर खाली आपटला. टेबलावर कप ठेवला, तो घरंगळून फुटला. कपाट ओढलं, ते उघडेना. त्यानं प्रत्येक वस्तू अशी नीट तपासली. मग कुऱ्हाड आणली.

मंडळी आली. चहा उत्तम झाला होता. सागवानावरचा चहा.

सर चुलीतली राख बघून आले. मग बाबलचा कान धरून म्हणाले, "मोलाच्या वस्तूला हात लावायचा नसतो रे. तिच्याभोवती दोरी बांधावी, पाटी लावावी, आणि मान वाकडी करून लांबून बघत राहावं."

"बरं सर. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवीन."

सरांनी त्याला हाकललं मात्र नाही. दुसरा सुतार मिळत नव्हता ना. अक्षय तृतीया आली. पुतू मेस्तांनी शब्द पाळला आणि मांडव घातला.

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला. समोर आवडी हार घेऊन उभी होती, हिरव्या शालूत. इतकी सुंदर की बाबलला वाटलं, हिच्याइतकं मोलाचं जगात काहीच नाही. त्यानं मांडवाच्या खांबाची दोरी सोडली आणि तिच्याभोवती नीट बांधली. पिशवीतून सरांकडची पाटी काढून दोरीला अडकवली. मग दहा पावलं मागे जाऊन मान वाकडी केली.

भटजी म्हणाले, "अहो नवरदेव, वधूचा हात धरा."

बाबलनं पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, 'कृपया हात लावू नये.'

"मुहूर्त टळतोय रे," पुतू गयावया करू लागले. "इकडे ये."

"असू दे मामा. इथूनच चांगली दिसते."

आवडी म्हणाली, "आणि जन्मभर तिथूनच बघणार?"

"हो," बाबल प्रेमानं म्हणाला. "अगदी मरेपर्यंत."

आवडीनं दोरी सोडली. हातातला हार पाटीला घातला आणि ती बापाबरोबर घरी निघून गेली. मांडवातली माणसं चपला शोधू लागली. फक्त पहिल्या रांगेत सर उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.