रिकामी शेड

“बाबा, आता खाद्यात आणखी काय घालू?”

सुभानशाह फकीर गावाबाहेरच्या आपल्या तकियात, राहत्या खोलीत भाकरी मोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा निवृत्ती खरमाटे. माळावर त्याची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड होती. औषधांवाचून पक्षी वाढवून दाखवीन, असं तो चारचौघांत म्हणाला होता आणि त्यानं ते करून दाखवलं होतं. मक्याच्या भरड्यात लसूण, हळद, ओवा. सगळं स्वतः वाटायचा, स्वतः मिसळायचा. रोग आत शिरू नये म्हणून शेडमध्ये कुणाला पाऊल टाकू देत नसे. बायकोलाही नाही.

सुनंदा डबा दाराशी ठेवून जायची. मग ती भावाकडे निघून गेली. निवृत्तीला ते कळलं, डबा आला नाही तेव्हा.

एवढं सोडून बाकी सगळं त्यानं फकिराला अभिमानानं सांगितलं. पक्ष्यांची मरतूक जवळजवळ थांबली होती, पक्षी चांगले भरले होते, लांबलांबचे लोक त्याची रीत विचारायला येत होते.

“पक्षी कुठं आहेत?” फकिरानं विचारलं.

“सकाळी गाडी भरून गेली.”

“म्हणजे शेड रिकामी.”

“हो.”

“मग आज खाद्याचं कुणासाठी विचारतोस?”

निवृत्ती दाराच्या चौकटीला टेकला.

म्हणाला, “गाडी गेल्यावर झाडायला आत गेलो. पंखे बंद केले. काहीच ऐकू येईना, बाबा. उगीच मोठ्यानं खाकरलो… तर माझाच आवाज फिरून आला.”

मग त्यानं सुनंदाचंही सांगितलं.

फकिरानं अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा त्याच्यापुढं सरकवला. निवृत्ती मांडी घालून बसला. कितीतरी दिवसांत तो कुणासमोर बसून जेवला नव्हता. ठेचा तिखट होता. डोळ्यांतलं पाणी निवृत्तीनं पुसलं नाही.

हात धुऊन झाल्यावर तो म्हणाला, की आजच मेहुण्याच्या गावी जाऊन येतो. सुनंदा परत येईल की नाही, ठाऊक नाही. विचारायचं कसं, तेही ठाऊक नाही.

फकिरानं नुसती मान हलवली.

निवृत्ती पाया पडला. बाहेर पडताना सवयीनं कवाड ओढून घेऊ लागला.

“राहू दे उघडं,” आतून फकीर म्हणाले. “माझ्याकडेही फारसं कोणी येत नाही.”