धुळीआडचे केंद्र

एका टेकडीवर एक वेधशाळा होती. तिथले निरीक्षक भास्करराव नेर्लेकर बारा वर्षे आकाशातल्या एकाच ठिपक्याचे फोटो काढत होते. दोन दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे दोन अफाट समूह, तिथे एकमेकींवर आदळून एक झाल्या होत्या. मधोमध नुसती काळी धूळ दिसे. आत काही नाही, असे भास्कररावांनी कधीच ठरवून टाकले होते.

मग सुनेत्रा ढवण तिथे नोकरीला आली. ती म्हणाली, अशा टकरीत वायू मधल्या कृष्णविवराकडे ओढला जातो आणि केंद्र पेटून उठते. धूळ उजेड अडवते, पण रेडिओ लहरींना अडवू शकत नाही. तेव्हा रेडिओ दुर्बिणीने पाहू या. संचालकांनी सर्वांदेखत तिची पाठ थोपटली आणि भास्कररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षे डोळे आपण शिणवायचे आणि कौतुक मात्र कालच्या पोरीचे.

रेडिओ दुर्बिणीचा वेळ वाटून देणे त्यांच्याच हाती होते. सुनेत्राने त्यांच्याकडे रीतसर अर्ज केला. सरळ नाही म्हणता येईना, म्हणून त्यांनी तिला जेमतेम अर्धा तास दिला. तेवढ्या वेळात एकच जागा तपासून होणार होती. धूळ सर्वांत दाट कुठे आहे ते कळावे म्हणून सुनेत्राने त्यांचे जुने फोटो मागितले. “शोधून ठेवतो,” असे म्हणून त्यांनी कपाटाला कुलूप लावले. ती तीनदा येऊन गेली, तिन्ही वेळा त्यांनी हेच सांगितले.

शेवटी तिने अंदाजानेच दुर्बीण रोखली. धुळीआड एक धगधगते केंद्र सापडले. वर्तमानपत्रांत तिचा फोटो झळकला. भास्कररावांना दोन दिवस जेवण गेले नाही.

तिची चूक काढायचीच, अशा इरेला पेटून त्यांनी कपाट उघडले आणि आपलेच फोटो भिंगाखाली धरले. दाट धुळीचे पुंजके दोन होते. दोन दीर्घिकांची केंद्रेही दोनच असणार, आणि सुनेत्राला त्यांतले एकच सापडले होते. फोटो घेऊन ते लगबगीने तिच्या खोलीत गेले.

तिने फोटो शांतपणे पाहिले. “सर, दुसरे केंद्र कालच दुसऱ्या एका वेधशाळेने जाहीर केले. माझा अर्ज तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचला नाहीत का? शोध लागला तर तो आपल्या दोघांचा, आणि तुमचे नाव आधी, असे मी त्यात लिहिले होते.”

 वर तिचे नाव दिसताच भास्कररावांनी तो अर्ज बाजूला सारला होता.

तात्पर्य: दुसऱ्याचे भले होईल या जळफळाटाने जो आपल्याजवळचे दडवतो, तो आपल्या वाट्याचेही गमावून बसतो.