धोंड्याला ऐकायचं होतं

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. किनाऱ्यावर गाढवांचं राज्य होतं, पठारावर बैलांचं, आणि मधल्या डोंगरातून जायला एकच चिंचोळी खिंड. तिथं गाढवं मीठ आणायची, बैल गूळ आणायचे. अदलाबदल झाली की तासभर चकाट्या पिटायचे.

खिंडीच्या वर एक धोंडा बसलेला. खालचं हसणं त्याला ऐकू यायचं, विनोद मात्र कळायचा नाही.

तो पावसाला म्हणाला, "बाबा, बुडाखालची माती जरा काढ की. भुऱ्या गाढव काय बोलतो ते जवळून ऐकायचंय."

"अरे, खिंड केवढी, तुझं बूड केवढं!"

"कडेला बसेन रे."

पावसाने माती काढली. धोंडा गडगडत आला आणि खिंडीत बुचासारखा रुतला. बैलांनी शिंगं लावली, गाढवांनी लाथा झाडल्या, तो हलला नाही. पठारावरचा कोंडा अळणी झाला आणि किनाऱ्याला गुळाची चव राहिली नाही.

कैक वर्षांनी भुऱ्याचा पणतू तिथं चरत आला. पोराला म्हणाला, "याच्या पलीकडं काही नाही. जग इथंच संपतं."

पलीकडं एक म्हातारा बैल आपल्या वासराला नेमकं हेच सांगत होता.

धोंड्याला आता दोघांचंही अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.